लेखी माफी

बाळांच्या वॉर्डातल्या इमर्जन्सी ट्रॉलीला मेट्रनबाईंनी कुलूप घातलं होतं. चोर केव्हाही येतो, हा त्यांचा हिशेब. जीवही केव्हाही जातो, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

मंगळवारी भरदुपारी चार महिन्यांच्या बाळाचा श्वास थांबला. किल्ली बाईंच्या कमरेला आणि बाई वॉर्डात नाहीत. सिस्टरने ऑक्सिजन सिलिंडरच्या पान्याने कुलूप फोडलं, आतला छोटा मास्क काढून बाळाला श्वास दिला, दोन बोटांनी छाती दाबली. चौथ्या मिनिटाला बाळ रडलं.

तासाभराने बाई आल्या आणि त्यांनी आधी कुलूप पाहिलं.

"कुणाला विचारून फोडलंस गं? फार शहाणी झालीस. लेखी माफी माग, आणि दारावर लाव. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे."

"लावते मॅडम," सिस्टर म्हणाली, आणि तिने जाड मार्कर शोधला.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला वॉर्डाच्या दारापुढे ही गर्दी. बाळाचा बाप सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होता:


"बाळ निळं पडलं तेव्हा ट्रॉलीची किल्ली मेट्रनबाईंबरोबर मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाचा केक खायला गेली होती, ती परत येईपर्यंत मी थांबले नाही, याबद्दल क्षमस्व."