समारोपातला नंबर

कडी तुटून हातात आली आणि बाई बाथरूममध्ये अडकल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाहेरच्या दाराचं लॅच लागलेलं, गॅसवर दूध चढवलेलं. नशीब एवढंच की मोबाइल गाऊनच्या खिशात होता. बॅटरी चार टक्के.

बाईंना उलट हसूच आलं. सख्खी भाची कुलूपवाली असताना घाबरायचं कशाला? पंधरा दिवसांपूर्वीच तिने ऑफिसातली नोकरी सोडून दुकान टाकलं होतं. महिनाभरात जम बसला नाही तर मुकाट्याने परत खुर्चीवर जाऊन बसेन, असं ती बापाला कबूल करून बसली होती. कसं चाललंय विचारलं की नुसती "चाललंय" म्हणायची.

दुकानाच्या वेबसाइटचा मजकूर बाईंनी लिहिला होता. चौतीस वर्षं शाळेत निबंध शिकवल्यावर हा मान दुसऱ्या कुणाला जाणार? भाचीने तेव्हा एकदाच तोंड उघडलं होतं.

"मावशी, नंबर सगळ्यात वर घे ना. लोक घाईत असतात गं."

"विषयप्रवेशात नंबर? दारात पाहुणा आला की लगेच त्याच्या हातात चपला देतेस का? नंबर समारोपात!"

बाईंनी भाचीचा नेहमीचा नंबर लावला. तो वाजून वाजून बंद पडला. कामावर असताना ती हा फोन ड्रॉवरमध्ये टाकते, हे त्यांना आता आठवलं. दुकानाचा नंबर त्यांनी साठवलाच नव्हता. आपणच लिहिलाय, साठवायचा कशाला? त्यांनी वेबसाइट उघडली.

'मानवाने गुहेचे दार प्रथम बंद केले, त्या क्षणी कुलपाची कल्पना जन्मास आली.' वा! बाई क्षणभर थांबल्या. वाक्य खरंच झकास उतरलं होतं. बॅटरी तीन टक्के झाली, तेव्हा त्या भानावर आल्या आणि बोट चालवू लागल्या. पुढे 'कुलूप : शाप की वरदान?' मग 'मी कुलूप बोलतोय' हे दोन पानी आत्मवृत्त. कुलूप बोलायचं थांबेना. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला.

"अगं बाई, मुद्द्यावर ये की!" बाई ओरडल्या. आपण कुणावर ओरडलो हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

अखेर 'तात्पर्य' आलं. त्याखाली नंबर. तोही अक्षरी. निबंधात आकडे अक्षरी लिहावेत, हा त्यांचाच दंडक. अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ, त्रेसष्ट... बाईंनी साबणाच्या वडीने आरशावर आकडे उतरवले आणि फोन लावला.

"कुलूपवाली का? मी अडकलेय हो!"

"मीपण," पलीकडून एक पुरुष कुजबुजला. "मीटिंगमध्ये. राँग नंबर."

घाईत एकोणसाठचे एकोणसत्तर झाले होते. आरशावरचा सहा पुसून बाईंनी पाच केला. बॅटरी एक टक्का. फोन लागला.

"मी मावशी! बाथरूम!" एवढं बोलून होतंय तोच मोबाइलने मान टाकली. चौतीस वर्षांत इतकं आटोपशीर काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

दहा मिनिटांत लॅच उघडलं, गॅस बंद झाला, बाथरूमचं दार निघालं. पातेलं कोळसा झालं होतं, आणि भाची हातात स्क्रूड्रायव्हर धरून चक्क नाचत होती.

"नाचतेस काय? वर गेले असते मी!"

"मावशी, फोन वाजला गं! दुकानाचा फोन! पंधरा दिवसांत पहिल्यांदा वाजला!"

मग भाचीने नाच थांबवला.

"पण तुला नंबर सापडला कसा? म्हणजे तू तो निबंध शेवटपर्यंत वाचलास?"

बाईंनी आरशाकडे पाहिलं. साबणाचे दहा आकडे ओळीने चमकत होते, आणि ते वाचायला एक क्षणही लागत नव्हता. त्यांना एकदम हसू फुटलं. भाची आधीच हसत होती. दोघी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसल्या.

"उघड ती वेबसाइट," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि सगळ्यात वर लिही. अडकलात? फोन करा."

"आणि नंबर?"

"त्याच्याच शेजारी. आकड्यांत."

"आणि निबंध? काढून टाकू?"

"खबरदार! तो राहू दे खाली," बाई म्हणाल्या. "तू पोहोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला वाचायला काहीतरी नको का?"