हिरवी बांगडी

दवाखान्यातून आल्यापासून शलाकाच्या मनगटावरची बांगडी हिरवीच होती. एखादं हाड मोडायच्या बेतात आलं, की ती लाल व्हायची. थॅलेसेमियाने हाडं पोखरलेल्या लेकीला वृषालीने त्या लालीच्या धाकातच वाढवलं होतं. आता रक्तातला दोषच दुरुस्त झाला होता, हाडंही भरली होती.

"आई, फुगडी!" शलाकाने हात पुढे केले.

वृषालीने ते नेहमीसारखेच धरले, भाजलेला पापड उचलावा तसे. दुसऱ्याच गिरकीला बोटं सुटली आणि शलाका धपकन आपटली. वृषालीने आधी बांगडी पाहिली. हिरवीच.

"असं धरतात का गं? सैल धरलंस म्हणून पडले ना मी!" शलाका फणकारली. "घट्ट धर."

वृषालीने लेकीची मनगटं पहिल्यांदाच करकचून धरली. बांगडी तिच्या तळव्यात रुतली.