पत्र्यावरचं चॉकलेट

"चूल न पेटवता गोड करतेत व्हय गं? चूल मेल्याच्या घरी इझती," भिवराबाई सुनेला म्हणाली.

"मोबाईलमधी दाखवलंय, आत्याबाई. ह्याला भट्टी लागत न्हाई, चूल लागत न्हाई. आपलं ऊन हाय की." सुकन्या पत्र्यावरून वाटी घेऊन शिडी उतरली. चॉकलेट वितळून डांबरासारखं झालं होतं. सिरसाळ्याच्या एप्रिलमध्ये एवढं एकच फुकट मिळतं.

सासूनं बिस्किटं पाट्यावर वाटून दिली. सुकन्यानं त्यात लोणी कालवलं, ताटात थापलं, बोटांनी कडा उभ्या केल्या. चॉकलेटात साय आणि पिठीसाखर घोटून ते वर ओतलं. शेजारच्या चाँदबीनं ताट आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतलं.

"नाव काय म्हणलीस ह्याचं?" तिनं विचारलं.

"पाय. चॉकलेट पाय."

"आमच्यात बी पाये करतेत. पर ते बकऱ्याचे असतेत गं माय!"

दिवस कलला तशा भावकीतल्या बायका आल्या. सुकन्याची लेक दुर्वा आज वर्षाची झाली होती. चाँदबीनं गार ताट आणून मधोमध ठेवलं. बायनाबाई आरतीचं ताट घेऊन आली. ती भिवराबाईची थोरली जाऊ.

"भिवरे, जरा आत बस," बायनाबाई म्हणाली. "लेकराचा पहिला वाढदिवस हाय. सवाशिणी ओवाळत्याल."

आवाजात राग नव्हता. चपला बाहेर काढा म्हणावं, तसं म्हणाली. आणि भिवराबाई उठली. नवरा गेल्यापासून ती अशीच उठत आलीय. पोटच्या पोराला हळद लागली तेव्हाही ती ज्वारीच्या कणगीमागं उभी होती. ही माणसं विधवेला शिवी देत नाहीत, हात लावत नाहीत. नुसतं आत बसायला सांगतात.

पोटचा पोर, बजरंग, मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. बाप्यांना असल्या वेळी फार कामं असतात.

सुकन्यानं सासूचं मनगट धरलं. "कुठं निघालात?"

"आतच तर हाय. मला आवाज येतोय."

"इथंच बसा. काकी, तुमी ओवाळा. खुशाल ओवाळा."

बायनाबाईनं ओवाळलं. दुर्वानं दिवाच धरायला हात घातला, सगळ्या हसल्या. मग सुकन्यानं सुरी उचलली आणि सासूच्या हातात दिली.

हसणं थांबलं.

"सुकन्ये, रीत हाय," बायनाबाई म्हणाली.

"ओवाळायची हाय. ती पाळली. आता ह्याची सांगा." सुकन्यानं चॉकलेटच्या ताटाकडं बोट केलं. "तुमच्या सासूनं केलं हुतं कधी? तिच्या सासूनं?"

"ह्याची काय रीत असणार? हे आपल्यातलं हायच कुठं!"

"मग झालं तर. रीतच न्हाई, तितं मनाई कुणाची?"

बायनाबाईनं बजरंगकडं बघितलं. बजरंग मोबाईलकडं बघत होता.

"अन् अजून ऐका, काकी. आमी उसाच्या टोळीत असताना माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणला, पिशवी काढून टाका. मुकादम म्हणला, काढ, खाडे वाचत्याल. तुमचा हा पुतण्या बी म्हणला, काढ. मला टेबलावर झोपीवलतं." तिनं सासूचा खांदा धरला. "तवा ही बाई आत घुसली. 'माझी काढली भर पंचविशीत, हिची काढू द्यायची न्हाई,' म्हणली आन् मला हाताला धरून रस्त्यावर आणलं. ही आली नसती तर आज कुणाला ओवाळलं असतं तुमी?"

चाँदबीनं नाक पुसलं.

भिवराबाईला सुरी धरता येईना. ह्या हातानं सारी उमर कोयता चालवला, आणि आता तो बिस्किटाच्या चुऱ्यापुढं अडून राहिला होता.

"कुठून कापू गं?"

"कुठून बी. ते तुमचंच हाय."

सुरी खाली गेली. तळाचं बिस्कीट कुरकुरलं. पहिला तुकडा तिनं नातीला दिला नाही, पोराला दिला नाही. सुकन्याच्या तोंडात घातला. सुकन्याला धड चावता येईना, रडता येईना.

"तुमच्यामुळं आई झाले, आत्याबाई," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "एवढंच म्हणायचं हुतं. तोंडानं म्हणवंना, म्हणून हे थापलं."

"येडी कुठली," भिवराबाई म्हणाली आणि पदरानं तिचे ओठ पुसत राहिली. ओठ केव्हाच स्वच्छ झाले होते.

मग तुकडे वाटले गेले. बायका बोटं चाटत म्हणाल्या, लई भारी झालंय. बायनाबाईनं आपला तुकडा खाल्ला नाही. कागदात गुंडाळून पदराखाली धरला. निघताना तिनं सुकन्याला दाराच्या कडेला ओढलं.

"आमची योगिता..." ती म्हणाली आणि थांबली. योगिता तिची लेक. नवरा वारला तशी माहेरी आलीय, आणि पाहुणे आले की तीही आतच असते. "सोमवारी तिच्या पोराचा वाढदिवस हाय."

बायनाबाईनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत नव्हतं.

"कोणती बिस्किटं लागतेत," ती हळूच म्हणाली, "तेवढं सांग."