कडी धरणाऱ्याला अभय

डरहॅमच्या कॅथीड्रलच्या दारावरची पितळी कडी ज्यानं धरली त्याच्यावर कुणी शस्त्र उचलायचं नाही, मग तो खुनी का असेना. मी तिथला द्वारपाल साधू. गिल्बर्ट खाटीक धापा टाकत चढ चढून आला. मागे कुऱ्हाड घेऊन वॉल्टर, ज्याच्या भावाला गिल्बर्टनं सकाळी भोसकलं होतं. "आधी कडी धर, गाढवा!" मी खिडकीतून ओरडलो. पण गडी भाविक. देवाच्या दारात सवयीनं टोपी काढायला थांबला. कुऱ्हाड मानेत बसली. तेवढ्यात गिल्बर्टचे तिघे मुलगे सुरे परजत आले. वॉल्टरनं प्रेतावर पाय देऊन कडी गच्च धरली. "सोड, भेकडा!" मुलगे किंचाळले. "बापानं अशी धरली असती तर वाचला असता!" वॉल्टर म्हणाला. मी रीतीप्रमाणे विचारलं, "गुन्हा काय?" "पाहिलंत की, ब्रदर!" मी दार उघडलं. "ये बाबा, पाय पुसून ये."