शंभर वर्षांची गोधडी

संगमनेरच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या आमच्या ह्यांना जुन्या शिवणकामाचं फार वेड. बहात्तरचा दुष्काळ. पहाटेपासून आडावर नंबर लावून मी दोन हंडे पाणी घेऊन आले, तर हे बाजारातून एक विटकी गोधडी विकत घेऊन बसलेले. पदराने घाम पुसायच्या आत मला समोर बसवलं.

"शंभर वर्षांची तरी असेल बघ! टाका कसा, तांदळाच्या दाण्याएवढा. हल्लीच्या बायकांना सात जन्मांत जमायचा नाही. आणि हे निळ्या रेघांचं ठिगळ बघ, असलं कापड आता बघायलासुद्धा मिळत नाही. काय कलावंत बाई असेल!"

"असेल," मी म्हणाले. वाद घालायला अंगात जीव नव्हता.

"अगं, ओला हात नको लावूस. तुला काय कळणार त्यातलं!"

मी हात मागे घेतला आणि पाणी गाळायला उठले.



ते ठिगळ ह्यांच्याच लग्नातल्या सदऱ्याचं होतं. गेल्या दिवाळीत मी बोहारणीला देऊन पातेलं घेईपर्यंत, नऊ वर्षं हे मी शिवलेली हीच गोधडी पांघरून झोपत होते.