ऊर्मिलाचा व्हिसा

“तुमची अपंगत्वाची पेन्शन आम्ही उत्पन्न म्हणून धरतो,” परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. “नोकरीत असताना हप्ते भरून तुम्ही ती कमावलीत. पण झोत्सियालआम्टकडून, म्हणजे समाजकल्याण कचेरीकडून, त्यावर जी भर मिळते, ती सरकारी मदत. ती घेताय तोवर बायकोला व्हिसा नाही.”

हृषिकेशनं मान हलवली. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

तो मूळचा नाशिकचा. हॅनोव्हरला गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. आदल्या वर्षी डिसेंबरात पुण्याच्या ऊर्मिलाशी लग्न झालं, आणि रजा संपल्यावर तो एकटा परतला. उन्हाळ्यात तिनं यायचं ठरलं होतं. मार्चमध्ये सायकलवरून घरी येताना मागून गाडीनं उडवलं. डोक्याला मार बसला. शुद्ध आली, उजवं अंग आलं नाही. कामावर परत जाणं आता विसरा, डॉक्टर म्हणाले. पेन्शन सुरू झाली, पण भाडं देऊन ती पुरेना, म्हणून ती भर.

कचेरीतून आल्यावर त्यानं फोन लावला.

“नाही म्हणाले?” ऊर्मिलानं विचारलं.

“अगदीच नाही असं नाही. ती मदत सोडायची आणि कमी पडतं तेवढं स्वतः कमवायचं.”

“अहो, जिवाला त्रास करून घेऊ नका. मी थांबेन ना.”

तिचा आवाज शांत होता. मुलगी समजूतदार मिळाली, असं आई म्हणायची. त्याला ते पटलं.

त्यानं मदत बंद करून घेतली. जुना फ्लॅट सोडला आणि लिंडन नावाच्या स्वस्त वस्तीत एका खोलीत राहायला गेला. पेन्शनवाल्याला थोडं काम करायची मुभा असते. तेवढं एका पार्किंग गॅरेजच्या केबिनमध्ये मिळालं. गाडी आली की डाव्या हातानं बटण दाबायचं, दांडा वर जायचा. एकदा जुन्या कंपनीतला सहकारी गाडी घेऊन आला. त्यानं ओळखलं नाही. हृषिकेशनं बटण दाबलं. वाईट वाटायला हवं होतं, एवढंच त्याला कळलं.

संध्याकाळी खिचडी, मग ऊर्मिलाचा फोन. त्या फोनपुरता तो जागा असायचा.

पुढच्या शरदात फ्राऊ ब्रांट पहिल्यांदा हसल्या. “चला, उत्पन्नाचं जमलं. आता बायकोची भाषेची परीक्षा झाली की काम झालं.”

हा नियम नवाच होता. येण्याआधी जोडीदाराला आपल्या देशात जर्मनची पहिली परीक्षा पास व्हावं लागे. त्यानं तिथूनच, बाहेरच्या पायऱ्यांवरून, पुण्याला फोन लावला.

“जमलं! पैशांचं जमलं!”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“ऊर्मिला?”

“ऐकतेय. चांगलं झालं हो.”

ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. हृषिकेशनं धीर दिला. दुसऱ्यांदाही तेच.

मग तो रोज फोनवर शिकवू लागला. स्वतःचं नाव, गाव, किती वाजले. ती अडखळायची, आज केलेलं उद्या विसरायची.

“डोक्यात शिरतच नाही हो,” ती म्हणायची.

“शिरेल. घाई नाही.”

एकदा तो ट्राममध्ये बसून तिला क्रियापदं समजावत होता. स्पीकरवर काहीतरी घोषणा झाली, त्याचं लक्ष नव्हतं.

“अहो, उतरा. गाडी पुढं जात नाहीये,” ऊर्मिला म्हणाली. आणि लगेच, “म्हणजे, सगळे उतरल्यासारखा आवाज येतोय.”

खरंच डबा रिकामा झाला होता. काळजी करणारं माणूस इतकं लांबूनही ऐकतं, असं मनात येऊन तो काठी टेकत उतरला.

तिसऱ्यांदा ती नापास झाली, तेव्हा शेजारच्या फ्राऊ केसलर त्याच्या मदतीला आल्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाई.

“नवऱ्यासमोर बायको लाजते,” त्या म्हणाल्या. “मी बोलते तिच्याशी. तुम्ही बसा, पण आवाज करायचा नाही. कुठं अडते ते मला दहा मिनिटांत कळेल.”

हृषिकेशला पटलं. रविवारी दुपारी तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला. बाईंनी स्पीकर लावून नंबर फिरवला आणि पहिलीच्या मुलाशी बोलावं तसं, शब्द सुटा सुटा करत जर्मनमध्ये विचारलं, “नमस्कार, ऊर्मिला. मी शेजारची केसलर, शाळेत शिकवायचे. तुझं नाव काय? तू कुठं राहतेस?”

“माझे मिस्टर आहेत का तिथं?” ऊर्मिलानं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

बाईंनी हृषिकेशकडे पाहून डोळा मिचकावला. “नाही, नाही. आपण दोघीच.”

पलीकडून एक श्वास ऐकू आला. मग कुठंही न अडखळता, क्रियापदं जागच्या जागी ठेवत, स्वच्छ जर्मनमध्ये ऊर्मिला बोलू लागली.

“फ्राऊ केसलर, तुम्ही शिक्षिका होतात, तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेल. कृपा करून त्यांना सांगा, हिला जर्मन कधीच येणार नाही.”