बंद राहिलेलं दार

जहाज सरळ बुडेना. ठरल्याप्रमाणे पोटातले सुरुंग उडाले, धुराचा लोट वर आला, आणि सपाट खाली जायचं सोडून जहाज डाव्या कुशीवर कललं ते तसंच अडून राहिलं.

"जन्मभर वाकडं चाललं, जाताना कसं सरळ जाईल!" झेंडेवाला म्हणाला. तो त्या जहाजावर निशाणं दाखवायच्या कामाला होता. बोटीवर जमलेले सगळे म्हातारे खलाशी हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

भट्टी हसला नाही, रडलाही नाही. त्याच जहाजाच्या बॉयलरवर उभी हयात काढली म्हणून त्याला भट्टी म्हणत. खरं तर आत सतत काहीतरी जळत असायचं, म्हणूनही ते नाव त्याला चिकटून राहिलं होतं.

"कुठलं तरी दार बंद राहिलंय!" जहाज बुडवायचं काम घेतलेला इंजिनियर डोक्याला हात लावून ओरडला. "सगळी दारं उघडी ठेवा, पाणी सगळीकडे सारखं शिरलं पाहिजे, किती वेळा बजावलं होतं! उजवीकडे हवा कोंडलीय."

कुठलं दार, ते भट्टीला ठाऊक होतं. सकाळी त्यानेच लावलं होतं.

उजवीकडच्या बॉयलरच्या खोलीचं दार. ऐन युद्धात त्या खोलीला भगदाड पडून समुद्र आत घुसला, तेव्हा भट्टीचा धाकटा भाऊ आत होता आणि भट्टी दारात. कप्तान स्वतः जिना उतरून आले. "दार लाव," म्हणाले. भट्टी जागचा हलला नाही. "लाव म्हणतो ना! हुकूम आहे हा!" भट्टीने हात आत घातला होता, धाकट्याची बोटं बोटांना लागलीही होती. कप्तानांनी त्याला मागे ओढून फेकलं, दार ढकललं आणि आपल्या हातांनी चाक फिरवून आवळलं. आतून ठोके आले. मग यायचे थांबले. जहाज वाचलं. कप्तानांना पदक मिळालं. भट्टीला ते ठोके मिळाले. उशीला डोकं टेकलं की सुरू.

तेव्हापासून तो कप्तानांशी चकार शब्द बोलला नाही. ते वारले तेव्हा पोहोचवायलाही गेला नाही. आणि आता बघा, देवाने वैरी कसा ओंजळीत आणून टाकला! जहाज निवृत्त झालं. माशांना घर होईल म्हणून ते समुद्रात बुडवायचं ठरलं. कप्तानांच्या पत्नीने त्यांच्या राखेचा पितळी डबा पुढे केला. म्हणाल्या, "वर त्यांच्या खोलीत ठेवा. जहाजाबरोबर जाऊ दे."

"मी ठेवतो," भट्टी म्हणाला.

सगळ्यांना गहिवरून आलं. झेंडेवाल्याने तर त्याला मिठीच मारली. "विझलास रे बाबा एकदाचा!"

भट्टी डबा घेऊन वर गेलाच नाही. तो खाली गेला. गंजलेल्या जमिनीवर डबा ठेवला, बाहेर आला, दार ढकललं आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून चाक आवळलं. मग दारावर थाप मारून म्हणाला, "आता ठोका, साहेब."

तेच दार आता टिच्चून उभं होतं. इतक्या वर्षांत भट्टीची छाती पहिल्यांदा गार झाली होती.

शेजारी कुणीतरी कठडा धरला. कप्तानांच्या पत्नी होत्या.

"अडून बसलंय बघा, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "बसेल नाही तर काय? त्यांची शेवटची इच्छा मी कुठे पुरी केली?"

"खोलीत ठेवा म्हणालात ना, बाईसाहेब?" भट्टी गुरकावला.

"ते मी म्हणाले. त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. शेवटी शेवटी झोपेतून उठायचे हो, आणि घरभर दारं उघडत फिरायचे. कोण ठोठावतंय, कोण ठोठावतंय, म्हणून. एक दिवस म्हणाले, मला त्या बॉयलरच्या खोलीत ठेवा. पोरगं तिथे एकटं आहे. आणि बाहेरून दार भट्टीलाच लावू दे. विनवू नका त्याला, हुकूम आहे म्हणून सांगा." त्या पाण्याकडे वळल्या. "कुठल्या तोंडाने सांगणार होते मी तुम्हाला? म्हणून वरची खोली सांगितली. आता ते वर एकटे, आणि तुमचा भाऊ खाली एकटा."

भट्टीने कठडा घट्ट धरला. तोंड मिटून राहिलं की झालं. सूड त्याचा होता, एकट्याचा, आणि समुद्राच्या तळाशी तो कायमचा त्याचाच राहणार होता. ही बाई उरलेलं आयुष्य झुरत काढेल. काढू दे की. त्यानेही काढलंच होतं.

एवढ्यात पाण्याखालून एक दबका आवाज घुमला. दार गेलं. कोंडलेली हवा पांढरा फेस होऊन वर फुटली. जहाज कुशीवरून हळूहळू सरळ झालं आणि खाली जाऊ लागलं. बोटीवरच्या म्हाताऱ्यांनी ताठ होऊन सलाम केला.

भट्टीचाही हात कपाळाशी गेला. कधी गेला ते त्याला कळलंच नाही.

"वहिनी," पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "साहेबांचा तो हुकूम मी एकदा मोडला होता. आज सकाळी पाळला."